आर्वी ते पासिंग: एका निवृत्त वाहकाने केलेला विमानप्रवास

जन्मभर एसटीच्या आर्वी आगारात वाहक म्हणून नोकरी केली. त्यामुळे कुठलाही प्रवास असो, माझं लक्ष आधी त्याच्या जोडांकडे जातं. उतरल्यावर पुढची गाडी किती वेळाने आहे, ती कुठून सुटते, तिथपर्यंत सामान घेऊन किती चालायचं, पहिली लेट झाली तर दुसरी थांबते का, आणि थांबत नसेल तर रात्र कुठे काढायची. प्रवाशाचे हाल बहुतेक याच जागी होतात. एकदा गाडीत बूड टेकलं की माणूस निभावून नेतो.

धाकटा पोरगा जर्मनीत म्युनिकला नोकरीला आहे, तिथल्या पासिंग भागात राहतो. त्याच्याकडे मी आणि सौ. जाऊन आलो. परतल्यापासून पानटपरीवर, बाजारात, लग्नात जो भेटतो तो एकच विचारतो, "इमानात भेव वाटते का हो बाबूजी?" भेव नाही वाटत. हे एवढ्यात सांगून टाकतो. ज्या गोष्टी कोणी विचारत नाही त्या मात्र सविस्तर लिहितो, कारण आर्वी, कारंजा, तळेगाव, पुलगावकडच्या कितीतरी मायबापांची लेकरं आता बाहेरदेशी आहेत आणि "आपल्याले नाही जमत बाप्पा" म्हणून ही माणसं फोनवरच नातू पाहतात. जमते. नीट तिकीट काढलं तर सहज जमते.

तर आधी तिकीट. शहरातल्या एका एजंटाने सगळ्यात स्वस्त म्हणून जे दाखवलं ते मुंबईवरून होतं, आणि ती दोन वेगवेगळी तिकिटं होती. नागपूर–मुंबई एक, मुंबईच्या पुढे दुसरं. पैसे बरेच वाचत होते. पण दोन तिकिटं वेगळी असली की नागपूरचं विमान लेट झाल्यास पुढच्या विमानाची कंपनी जबाबदार राहत नाही. मुंबईत सामान स्वतः उतरवून घ्यायचं, दुसऱ्या काउंटरवर परत वजन करून द्यायचं, आणि टर्मिनल वेगळं असेल तर तिथवर गाडीने जायचं. सौ.च्या गुडघ्यांकडे पाहून मी तो कागद परत केला.

दुसरं तिकीट नागपूर–दोहा–म्युनिक असं एकसंध होतं. कतार एअरवेजचं विमान नागपूरहून थेट दोह्याला जात होतं आणि तिथून पुढे म्युनिकला. एकच तिकीट, सामान एकदा नागपुरात दिलं की म्युनिकलाच हातात. त्यातही दोन पर्याय होते. एकात दोह्याला मधे सव्वा तास, दुसऱ्यात चारेक तास. एजंट म्हणाला, "सव्वा तासवालं घ्या ना काका, उगाच कशाला बसून राहता?" मी चार तासांचं घेतलं, आणि घरातून कोणी पहिल्यांदा निघत असेल तर मी तेच घ्यायला सांगेन. सव्वा तास म्हणजे विमान टेकल्यापासून पुढचं सुटेपर्यंतचा वेळ. त्यातून उतरायला लागणारा वेळ काढा, सुरक्षा तपासणीची रांग काढा, लांबचं गेट काढा. गेट तर विमान सुटण्याच्या वीसेक मिनिटं आधीच बंद होतं. तरण्या पोराला धावत गाठता येईल. व्हीलचेअरवर बसलेल्या बाईला धावता येत नाही.

व्हीलचेअरचं इथेच सांगतो. ही मदत मागायला लाजायचं काहीच कारण नाही आणि तिचे वेगळे पैसे लागत नाहीत. तिकीट काढतानाच सांगायचं, निदान ४८ तास आधी तरी. एजंट त्यात एक कोड टाकतो. डब्ल्यूसीएचआर म्हणजे माणूस पायऱ्या चढू शकतो, पण लांब चालू शकत नाही. डब्ल्यूसीएचएस म्हणजे पायऱ्याही चढता येत नाहीत. डब्ल्यूसीएचसी म्हणजे थेट सीटपर्यंत न्यावं लागतं. सौ. पायऱ्या चढते, म्हणून तिचा पहिला. कोणता कोड टाकला ते एजंटला विचारून घ्या, कारण त्यावरूनच तिकडे माणूस आणि गाडी तयार ठेवतात.

आता आर्वीहून नागपूर. विमान सुटायचं पहाटेच्या अंधारात, म्हणजे मध्यरात्रीच्या आधी विमानतळावर पाहिजे. एसटीने जायचं तर संध्याकाळची गाडी धरून तळेगाव, कारंजा, कोंढाळी, बाजारगाव, वाडी करत नागपूरच्या गणेशपेठ स्टँडला उतरायचं आणि मग सामानासह रिक्षा करून सोनेगावचा विमानतळ गाठायचा. हा माझा ओळखीचा मार्ग आहे, त्याचा प्रत्येक थांबा मला पाठ आहे. तरी या वेळी शेजारच्या पोराची गाडी केली आणि विरूळवरून समृद्धी महामार्गाला लागलो. विमानतळासाठी हा रस्ता फार सोयीचा आहे. समृद्धीचं नागपूरचं टोक शिवमडक्याला आहे आणि तिथून मिहानच्या बाजूने विमानतळ जवळ पडतो, शहरात शिरायचं कामच नाही. एक काळजी घ्या. या रस्त्यावर रात्री चहा-पाण्याला थांबण्यासारखं फार काही मिळत नाही, म्हणून हवेचा दाब, डिझेल, पाण्याची बाटली, सगळं घरूनच पाहून निघा. आणि ड्रायव्हर दुपारी झोपलेला पाहिजे. सरळ, मोकळा, अंधारा रस्ता ड्रायव्हरला जास्त झोप आणतो. रात्रीच्या गाडीवर वर्षानुवर्षं ड्रायव्हरच्या शेजारी बोलत बसलेला माणूस हे सांगतो आहे. मी आणि तो पोरगा शिवमडक्यापर्यंत कापसाच्या भावावर बोलत गेलो.

नागपुरात मेट्रो आहे, तिचं एअरपोर्ट नावाचं स्टेशनही आहे, म्हणून काहींना वाटतं की तिने जाता येईल. ते स्टेशन वर्धा रोडवर आहे, टर्मिनलच्या दारात नाही, आणि रात्री दहाच्या सुमाराला मेट्रो बंद होते. दिवसाच्या विमानासाठी ठीक. पहाटेच्या विमानाला उपयोग नाही.

नागपूरचा विमानतळ मला आवडला, कारण तो लहान आहे. दारात पासपोर्ट आणि तिकीट पाहतात, आत गेलं की काउंटर समोरच. सामान देताना एकच गोष्ट डोळ्यांनी पाहून घ्या. बॅगेला जो लांब कागदी पट्टा लावतात त्यावर शेवटच्या ठिकाणाची तीन अक्षरं असतात. आमच्यावर एमयूसी, म्हणजे म्युनिक. त्या पट्ट्याचा लहान तुकडा आपल्याला देतात, तो पासपोर्टात ठेवा. बॅग हरवली तर शोधायला तोच कामी येतो. दोन्ही विमानांचे बोर्डिंग पासही नागपुरातच मिळाले. इमिग्रेशनला जाताना पूर्वी एक फॉर्म भरावा लागायचा, तो २०१७ पासून बंद आहे. त्यामुळे "फॉर्म भरून देतो" म्हणणारा कोणी भेटलाच तर पुढे चालू लागा.

हातातली बॅग ७ किलोची. तिच्यात औषधं, डॉक्टरची चिठ्ठी, चष्मा, एक जोडी कपडे, फोनची पॉवर बँक. पॉवर बँक मोठ्या बॅगेत चालत नाही, हातातच ठेवावी लागते. पातळ काहीही असो, १०० मिलीच्या वरची बाटली हातात चालत नाही, आणि ठेचा, लोणचं हेसुद्धा त्यात धरतात. म्हणून सौ.ने ठेच्याचा डबा, तिखट, पापड, कुरोड्या सगळं मोठ्या बॅगेत भरलं. मोठ्या बॅगेचं वजन तिकिटावर लिहिलेलं असतं, आणि एकूण वजन शिल्लक असलं तरी कुठलीही एक बॅग ३२ किलोच्या वर जाऊ द्यायची नाही.

तुपावरून घरात थोडी बोलाचाली झाली. सौ.ने सुनेसाठी घरचं तूप कढवून ठेवलं होतं. पण युरोपात बाहेरच्या देशातून दूध-दुभत्याचे आणि मांसाचे पदार्थ प्रवाशाने न्यायला मनाई आहे, त्यात तूप, खवा, पनीर सगळं येतं. फळांनाही सरकारी तपासणीचं प्रमाणपत्र लागतं. केळी, नारळ, अननस, खजूर आणि ड्युरियन एवढ्यांनाच त्यातून सूट आहे. म्हणजे आपल्या आर्वीची संत्री पोरासाठी नेता येत नाहीत. "आपली संत्री नाही नेली त मंग नेलं काय?" असं ती म्हणाली आणि मलाही ते लागलं. पण नियम त्यांच्या बागांत बाहेरची कीड येऊ नये म्हणून आहे, आणि संत्र्यावर डिंक्या, काळी माशी काय करते हे आपल्याइतकं कोणाला माहीत? तूप माझ्या भावाकडे ठेवलं.

विमान. नागपूर–दोहा विमानात मधे एक वाट आणि दोन्ही बाजूंना तीन-तीन सीट. एका रांगेपासून पुढच्या रांगेपर्यंतचं अंतर इकॉनॉमीत साधारण ३१-३२ इंच असतं. माझे गुडघे समोरच्या सीटला लागले नाहीत, माझी उंची बेताची आहे. उंच माणसाला अडचण होईल. मला विचाराल तर वयस्कर जोडप्याने खिडकीचा हट्ट सोडावा आणि वाटेच्या कडेच्या सीट घ्याव्या, अगदी दोघांच्या समोरासमोर वाटेच्या दोन बाजूंना असल्या तरी चालतील. लघवीला उठायला कोणाला उठवावं लागत नाही, आणि पाय मोकळे करायला उठावं असं वाटतं. हे महत्त्वाचं आहे. चार तासांच्या वर एका जागी बसून राहिलं की पायाच्या शिरांमध्ये रक्ताची गाठ होण्याचा धोका वाढतो. पायमोजे वगैरे घालायचे का ते आपल्या डॉक्टरला आधी विचारून घ्या. आम्ही दर तासाला एकदा मागपर्यंत जाऊन येत होतो. शेवटच्या रांगेत मात्र सीट घेऊ नका. बऱ्याच विमानांत तिची पाठ मागे जात नाही आणि शौचालयाची रांग तुमच्या डोक्याशी उभी राहते.

कान दडपतात, ते उतरताना जास्त. आवंढा गिळत राहायचं, गोळी चघळायची. ओठ आणि नाक कोरडं पडतं, कारण आतली हवा फार कोरडी असते. आणि विमान कितीही उंच गेलं तरी आतल्या हवेचा दाब साधारण ६,००० ते ८,००० फुटांवर असल्यासारखा ठेवतात. आपलं चिखलदरा साडेतीन हजार फुटांच्या आसपास आहे. म्हणजे त्याच्या दुप्पट उंचीवर तासन् तास बसल्यासारखं झालं. ज्यांना दम्याचा, हृदयाचा त्रास आहे त्यांनी एवढ्यासाठी तरी जाण्याआधी डॉक्टरला दाखवून यावं. पाणी मागून प्यावं. मागितलं की देतात.

जेवणाचं एक पक्कं लक्षात ठेवा, कारण आपल्या माणसांची इथे फसगत होते. तिकिटात जेवणाचा प्रकार निवडताना यादीत 'हिंदू मील' असतं. ते शाकाहारी नसतं, त्यात कोंबडी, मासे, मटण येऊ शकतं, गोमांस मात्र नसतं. शाकाहारी पाहिजे असेल तर 'एशियन व्हेजिटेरियन' निवडायचं, त्याचा कोड एव्हीएमएल. माळकरी माणसाने हे स्वतः डोळ्यांनी तपासावं. आमचं दोघांचं एव्हीएमएल होतं आणि इतरांच्या आधी नावाने विचारून आणून दिलं. भात, भाजी, डाळ, डबी दह्याची. पोटभर.

मला सगळ्यात जास्त कौतुक वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. दार लागायच्या आधी एक पोरगी हातात लहानसं मोजणीचं यंत्र घेऊन मागून पुढे चालत गेली, प्रत्येक रांगेला अंगठ्याने टिकटिक करत. डोकी मोजत होती. मीसुद्धा जन्मभर हेच केलं, स्टँड सोडायच्या आधी आणि मोठ्या थांब्यानंतर. मशीनमधली तिकिटं आणि गाडीतली डोकी जुळल्याशिवाय घंटी मारायची नाही. एवढ्या मोठ्या यंत्रात, एवढ्या संगणकांच्या काळात शेवटी एक माणूस चालत जाऊन माणसं मोजतो, हे पाहून मला फार बरं वाटलं. मी तिला हात जोडले. तिने हसून मान हलवली आणि मोजणी चालू ठेवली, आकडा चुकू दिला नाही.

बाकी त्या चार तासांत सांगण्यासारखं फार नाही. अंधार होता. सौ. झोपली.

दोह्याचं हमद विमानतळ २०१४ मध्ये सुरू झालं आणि ते खरोखर फार मोठं आहे. घड्याळ अडीच तास मागे करायचं. विमानातून उतरलं की पाट्या दोन प्रकारच्या दिसतात, एक दोहा शहरात जाणाऱ्यांसाठी आणि एक 'ट्रान्स्फर्स'. आपण दुसरी धरायची. शहराकडच्या रांगेत लागू नका, तिथे व्हिसाचं काम निघतं. ट्रान्स्फर्सला परत एकदा सुरक्षा तपासणी होते, त्यामुळे विमानात मिळालेली पाण्याची बाटली संपवून टाका. सौ.साठी व्हीलचेअर घेऊन माणूस विमानाच्या दारातच उभा होता. नेपाळी पोरगा, हिंदी छान बोलायचा, तिला 'माताजी' म्हणायचा. त्याने आम्हाला रांगेतून पुढे काढलं, मग एका ठिकाणी बसवून सांगितलं की गेट लागायला वेळ आहे, मी परत येतो. हा 'परत येतो' सांगणारा माणूस वेळेवर परत आला. त्याला काही द्यावं म्हणून मी खिशात हात घातला तर त्याने नको म्हटलं.

मधल्या वेळात मी एकटाच हिंडून आलो. मधोमध एक पिवळं प्रचंड अस्वल बसवलेलं आहे, डोक्यात दिवा असलेलं, सातेक मीटर उंच. उर्स फिशर नावाच्या स्विस कलाकाराचं काम आहे. मला त्याचा अर्थ लागला नाही, पण खुणेची जागा म्हणून त्याच्याइतकं चांगलं दुसरं काही नाही. चुकामूक झाली तर अस्वलापाशी भेटायचं, असं आधीच ठरवून ठेवा. त्याहून मला आवडली ती आतली बाग. २०२२ मध्ये ही नवी बाजू उघडली, काचेच्या छताखाली खरी झाडं, ओली माती, वाहतं पाणी. वाळवंटाच्या गावात छताखाली एवढी हिरवळ राखायला किती पाणी आणि किती राबणूक लागत असेल याचा विचार करत मी बराच वेळ तिथे बसलो. इमारतीच्या आत एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे नेणारी लहान रेल्वेही आहे, फुकट. गेट नंबर पडद्यावर येतो आणि बदलूही शकतो, म्हणून बोर्डिंग पासवर छापलेल्या नंबरावर विसंबून झोपू नका. पडदा पाहत राहा. दर अर्ध्या तासाने एकदा पाहिला तरी पुरे.

दोहा–म्युनिक विमान मोठं होतं, दोन वाटांचं, तीन-तीन-तीन सीटचं. सहा तासांचा प्रवास, पण पहिल्यापेक्षा हलका गेला, कारण दिवस होता आणि समोरच्या पडद्यावर विमान कुठे आहे ते दिसत होतं. मी पिक्चर पाहिला नाही, नकाशाच पाहत राहिलो. खाली कोणतं गाव आलं हे कळल्याशिवाय मला प्रवास केल्यासारखं वाटत नाही.

म्युनिकला पासपोर्टच्या रांगेत आम्हाला दोनच प्रश्न विचारले, कुठे राहणार आणि परत कधी जाणार. पोराचं बोलावणं, परतीचं तिकीट आणि विम्याचा कागद एका प्लास्टिकच्या फाइलीत हातात ठेवले होते. शेंगेन व्हिसाला, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत एकच चालतो त्या व्हिसाला, निदान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतोच, तो कागद व्हिसा मिळाल्यावर घरी ठेवून येऊ नका. सामान आलं, पट्ट्याचा तुकडा जुळवून घेतला, दाराबाहेर पोरगा उभा होता. मायलेकांना थोडा वेळ तसंच राहू दिलं.

आता पुढचा भाग माझ्या खास जिव्हाळ्याचा. विमानतळापासून शहर लांब आहे, पण विमानतळाच्या खालीच रेल्वे स्टेशन आहे. लिफ्टने उतरलं की फलाट. तिथून एस-१ आणि एस-८ अशा दोन लोकल शहरात जातात, वेगवेगळ्या बाजूंनी, आणि दोन्हींना मुख्य स्टेशनपर्यंत साधारण पाऊण तास लागतो. प्रत्येक लाइनीची गाडी वीस मिनिटांनी असते. पोरगा पासिंगला राहतो, ते एस-८ वरच आहे, म्हणजे गाडी बदलायची नाही. पोराने घर घेताना हे पाहिलं होतं. वाहकाचा पोरगा आहे. टॅक्सीही मिळते, पण लोकलच्या कितीतरी पट पैसे जातात, आणि लोकलमध्ये व्हीलचेअरला, बाबागाडीला, सायकलीला जागा राखलेली असते.

त्या गाडीत वाहक नाही. स्टेशनला गेट नाही, दारात तपासणी नाही, कोणी तिकीट मागत नाही. माणूस मशीनमधून तिकीट काढतो आणि आपल्या हाताने निळ्या पेटीत घालून शिक्का मारून घेतो. शिक्का नसेल तर तिकीट हातात असूनही ते बिनतिकीट धरतात. काही तिकिटांवर छापतानाच वेळ येते, त्यांना शिक्का लागत नाही, म्हणून काढल्यावर लगेच पाहून घ्यायचं. दिवसाचं एक तिकीट पाच माणसांपर्यंत मिळून चालतं, आम्हा तिघांना तेच परवडलं. तपासनीस साध्या कपड्यांत अचानक चढतात आणि दंड ६० युरो. पोराने तिकीट माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, "बाबा, तुमीच मारा." मी सुरुवातीच्या वर्षांत ट्रेमधल्या तिकिटांना पंच मारायचो, मग मशीन आलं. त्या निळ्या पेटीने खट्ट आवाज केला तेव्हा अंगठ्याला जुनी सवय आठवली.

ही पद्धत मला पटली का? पूर्ण नाही. शिस्त चांगली आहे, वेळ चांगली आहे. पण म्हातारी माणसं, परकी माणसं त्या मशीनसमोर गोंधळून उभी असतात आणि विचारायला गाडीत कोणी नसतं. वाहकाचं काम तिकीट फाडण्यापुरतं नसतं. कोण कुठे उतरणार हे लक्षात ठेवून वेळेवर हाक मारणं हेही त्याचंच काम, आणि ते पेटीला येत नाही. दार उघडायलाही आपणच बटण दाबायचं असतं, न दाबता उभं राहिलं तर गाडी निघून जाते.

परत येताना एक धडा कामी आला, तो लिहून ठेवतो. शहरातून विमानतळाकडे एस-१ ने जात असाल तर नॉयफार्न नावाच्या स्टेशनला ती गाडी तुटते. अर्धे डबे विमानतळाला जातात आणि अर्धे फ्रायसिंग गावाला. डब्यावर कुठला डबा कुठे जातो ते लिहिलेलं असतं, चढण्याआधी पाहायचं. एस-८ तुटत नाही. सामान आणि वयस्कर माणसं बरोबर असतील तर सरळ एस-८ धरा. शनिवार-रविवारी शहराखालच्या बोगद्याचं काम काढलेलं असलं तर मधल्या भागात गाड्यांऐवजी बस सोडतात, म्हणून आदल्या दिवशी पाहून ठेवायचं. हा बोगदा १९७२ च्या ऑलिंपिकच्या वेळी सुरू झाला, वय झालं त्याचंही.

परतीचं विमान नागपूरला मध्यरात्रीनंतर टेकतं. सामान इथेच मिळतं आणि कस्टमही इथेच. मुंबईवरून आलो असतो तर परदेशातून आल्यावर पहिल्या भारतीय विमानतळावर, म्हणजे मुंबईतच, सगळं सामान उतरवून कस्टम करून परत पुढच्या विमानात द्यावं लागलं असतं. तो त्रास वाचला. पण बाहेर आलो तर रात्रीचे तीन वाजत आलेले. शेजारच्या पोराच्या घरी लग्न होतं, त्यामुळे गाडी नव्हती. एका टॅक्सीवाल्याने आर्वीचा जो भाव सांगितला त्यात आमच्याकडे आठवड्याचा मजूर येतो. आम्ही उजाडेपर्यंत खुर्च्यांवर बसलो, सौ.ने पाय सामानावर ठेवले, मग रिक्षाने गणेशपेठ आणि तिथून आर्वीची पहिली गाडी. दोघांचीही तिकिटं अर्धी. सौ.ची महिला सवलत, माझी ज्येष्ठ नागरिकाची. वाहक माझ्या हाताखाली शिकलेला पोरगा निघाला. त्याने सौ.ला पहिल्या सीटवर बसवलं आणि आमच्या बॅगा स्वतः उचलून ठेवल्या.

संपूर्ण प्रवासात फक्त याच एका जागी जोड नव्हता. दोह्यात आम्हाला नेणारा माणूस होता, म्युनिकला फलाट दाराखाली होता, आणि आपल्या नागपुरात रात्रीच्या तीनला पुढचं काही नव्हतं. हे सुधारता येण्यासारखं आहे. समृद्धीवरून नागपूर–शिर्डी गाडी एसटीने २०२२ च्या डिसेंबरात, रस्ता खुला झाल्यावर लगेच सुरू केली होती. तशीच एक लहान गाडी आर्वीहून रात्री साडेनऊला सोडावी, विरूळवरून समृद्धीने विमानतळापर्यंत न्यावी, तिथेच थांबवून उतरणारे प्रवासी घेऊन साडेतीनला परत काढावी. ड्रायव्हर-वाहकाला मधे विश्रांती मिळते, गाडी सकाळच्या शाळेच्या फेरीआधी आगारात येते, आणि रोज नको, विमान ज्या दिवशी असेल त्याच दिवशी. सुरुवातीला चार-सहा प्रवासी मिळतील, हे मलाही माहीत आहे. पुलगाव, धामणगावची माणसं जोडली तर वाढतील. वेळापत्रक मी कागदावर मांडून ठेवलं आहे, किलोमीटरसह. आर्वी, कारंजा, आष्टी भागातल्या ज्यांची मुलं बाहेर आहेत त्यांनी आपली नावं आणि जाण्या-येण्याचे महिने माझ्याकडे लिहून द्यावे. यादी झाली की अर्जाला जोडून आगारात नेऊन देतो.